'कंट्रोल' एकटा शिकवू नका : इंग्रजी शब्दांच्या जोड्या



मागच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गाला 'माझे कुटुंब' या विषयावर पाच इंग्रजी वाक्ये लिहायला दिली होती. एका मुलीने लिहिलं, 'माय फादर्स शुगर इज इन कंट्रोल.' मी सवयीने 'इन'खाली लाल रेघ ओढली आणि वर 'अंडर' लिहिलं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली.

"मॅडम, घरी आम्ही 'शुगर कंट्रोलमध्ये आहे' असंच म्हणतो. 'मध्ये' म्हणजे 'इन'च ना? मग माझं चुकलं काय?"

खरं सांगते, मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. 'इंग्रजीत तसंच असतं' म्हणून वेळ मारून नेली. ती गप्प जागेवर गेली, पण मला ते दिवसभर टोचत राहिलं. इतकी वर्षे मी 'कंट्रोल म्हणजे नियंत्रण' एवढंच फळ्यावर लिहीत आले. शब्द एकटा दिला की मुलं तो मराठीच्या पद्धतीने जोडणारच. त्यात त्यांचा काय दोष?

मराठीतही शब्दांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. रडू आपण 'आवरतो', आग 'आटोक्यात आणतो', जमिनीचा 'ताबा घेतो'. 'आग आवरली' असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीतल्या अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. 'कंट्रोल'च्या नेहमी लागणाऱ्या जोड्या पाहू.

१) इन कंट्रोल आणि अंडर कंट्रोल

मुलांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. ज्याच्या हातात सूत्रे आहेत तो 'इन कंट्रोल'. जी गोष्ट ताब्यात आहे ती 'अंडर कंट्रोल'. ड्रायव्हर 'इन कंट्रोल' असतो, बस त्याच्या ताब्यात असते. आग विझत आली की 'द फायर इज अंडर कंट्रोल' म्हणायचं. तिथे 'इन' लिहिलं तर कारभार आगीच्याच हातात गेला! मराठीत दोन्हीला 'कंट्रोलमध्ये' चालतं, म्हणून मुलं फसतात.

२) लूझ कंट्रोल

'ताबा सुटला' या मराठी वाक्यात कर्ता 'ताबा' आहे. म्हणून मुलं 'द कंट्रोल वेंट' असं लिहितात. इंग्रजीत कर्ता माणूस असतो : 'द ड्रायव्हर लॉस्ट कंट्रोल ऑफ द बस.' इथे स्पेलिंगही सांभाळा. गमावणे या अर्थाच्या 'लूझ'मध्ये 'ओ' एकच आहे. दोन 'ओ' लिहिले की तो 'लूस' होतो, म्हणजे सैल.

३) टेक, गेन, रिगेन

सूत्रे हातात घेणे म्हणजे 'टेक कंट्रोल', प्रयत्नाने ताबा मिळवणे म्हणजे 'गेन कंट्रोल' आणि सुटलेला ताबा परत मिळवणे म्हणजे 'रिगेन कंट्रोल'. आपण 'कंट्रोल करतो' म्हणतो, म्हणून मुलं 'आय डू कंट्रोल' लिहितात. 'कंट्रोल' हे स्वतःच क्रियापद आहे, 'आय कंट्रोल माय अँगर' एवढं पुरतं. भूतकाळात मात्र 'एल' दोनदा येतो.

४) ऑन नाही, ओव्हर

'रागावर ताबा' यातल्या 'वर'मुळे मुलं 'कंट्रोल ऑन माय अँगर' लिहितात. तिथे 'ओव्हर' हवं. अनेकवचनी 'कंट्रोल्स ऑन' वेगळं, ते किमतींवर किंवा आयातीवर सरकार घालतं त्या निर्बंधांसाठी.

५) आउट ऑफ आणि बियॉन्ड

गर्दी बेफाम झाली तर 'आउट ऑफ कंट्रोल'. पावसाने सहल रद्द झाली तर ते 'बियॉन्ड अवर कंट्रोल', म्हणजे आपल्या हातातलं नव्हतंच.

वर्गात काय केलं?

दुसऱ्या दिवशी आधी सांगितलं, "काल मला उत्तर आलं नव्हतं, आज शोधून आणलंय." मग फळ्यावर दोन रकाने आखले : 'सूत्रे कोणाच्या हातात?' आणि 'ताब्यात काय आहे?' मुलांनी जोड्या सांगितल्या : ड्रायव्हर–बस, अग्निशमन दल–आग, गुराखी–गुरं. पहिल्या रकान्याला 'इन', दुसऱ्याला 'अंडर'. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आजी रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणते!" तेही बरोबरच. धान्यावर सरकारचं नियंत्रण, म्हणून ते कंट्रोलचं दुकान. हा शब्द आपल्या घरात आधीपासूनच आहे, हे मुलांना त्यातून कळलं.

आणि ती मुलगी? ती हसून म्हणाली, "म्हणजे मी लिहिलं होतं की आमचं घर पप्पांची शुगरच चालवते!" मग हळूच, "तसं ते खरंच आहे, मॅडम. गोड काही आणायचं नसतं."

पालकांनी घरी एवढंच करावं : नवीन इंग्रजी शब्द पाठ करून घेताना नुसता अर्थ विचारू नका, एक पूर्ण वाक्य विचारा. आणि मुलाने 'असंच का?' म्हणून विचारलं, तर त्याला माझ्यासारखं 'तसंच असतं' म्हणून परत पाठवू नका.