क्षीण स्पर्श आणि अनियमित कंपने

गलबल्यात मोठी हाकही विरून जाते, हा नित्याचा अनुभव आहे. स्पर्शाचेही तसेच. खडबडीत रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत बसलेल्या मनुष्यास हातावर चालणारी मुंगी सहसा जाणवत नाही. परंतु या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे.

त्वचेमध्ये स्पर्शाची वार्ता टिपणारी सूक्ष्म ग्राहके असतात. त्वचा दाबली गेली म्हणजे ती मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे विद्युत्संदेश धाडतात. दाब एका ठरावीक मर्यादेहून कमी असला, तर मात्र तो मनुष्यास जाणवत नाही. या मर्यादेस संवेदनेचा उंबरठा म्हणतात.

अमेरिकेतील जेम्स कॉलिन्स, टॉमस इम्हॉफ व पीटर ग्रिग या संशोधकांनी १९९६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंबरठ्याखालचा क्षीण दाब त्यांनी बोटाच्या टोकास दिला आणि त्यात अनियमित कंपने मिसळली. कंपने विशिष्ट प्रमाणात असता तो दाब अधिक अचूकपणे ओळखला गेला. कंपने त्याहून वाढविताच ओळखण्याची शक्ती पुन्हा घटली.

असे का व्हावे? एक बंधारा कल्पावा. पाणी त्याच्या माथ्याच्या किंचित खाली संथपणे चढते व उतरते. परंतु पलीकडे थेंबही जात नाही. मंद वारा सुटला की पाणी चढलेले असताना लाटांचे शिंतोडे पलीकडे पडू लागतात. उतरताच ते थांबतात. त्या शिंतोड्यांवरूनच पलीकडच्या मनुष्यास पाण्याची चढउतार कळते. वादळ झाले तर पाणी सदोदित उसळेल व काहीच बोध होणार नाही. येथे बंधारा म्हणजे उंबरठा, पाणी म्हणजे क्षीण स्पर्श आणि वारा म्हणजे कंपने होत. या आविष्कारास यादृच्छिक अनुस्पंदन असे म्हणता येईल. ही कल्पना १९८१ साली हिमयुगांच्या आवर्तनाचा विचार करताना पुढे आली.

तिचा व्यवहारातील उपयोगही मोठा आहे. वार्धक्यात व मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते. पायाखालच्या दाबातील फरक नीट न कळल्याने तोल जातो. वृद्धपणी तर एका पडण्यानेही मनुष्य कायमचा परावलंबी होऊ शकतो. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५ तरुण व १२ वृद्ध व्यक्तींना कंप पावणाऱ्या तळव्यांवर उभे करण्यात आले. ती कंपने इतकी मंद होती की, ती कोणास जाणवत नव्हती. तरीही उभे असताना शरीराचे डोलणे कमी झाले, आणि वृद्धांमध्ये हा लाभ अधिक दिसला.

अर्थात, पूर्णपणे निकामी झालेला मज्जातंतू अशा कंपनांनी सजीव होत नाही. दुर्बळ झालेल्या संवेदनेस मात्र त्यांचा हातभार लागतो. योग्य मात्रेत दिलेला व्यत्ययही उपकारक ठरू शकतो, हा या संशोधनाचा बोध होय.