फाट्यावरचा ब्लॉक : स्टेंट एक की दोन?

पाइपला वाय जोड देणं मेकॅनिकलवाल्यांना नवं नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत असे फाटे जागोजाग आहेत आणि चरबीचा थर धरतो तोही बऱ्याचदा तिथेच. रक्त दुभंगतं त्या मधल्या टोकावर प्रवाह जोराचा असतो, पण समोरच्या बाहेरच्या भिंतींशी तो रेंगाळतो. तिथे वॉल शिअर स्ट्रेस कमी, म्हणून तिथे थर. अँजिओप्लास्टीच्या साधारण १५ ते २० टक्के केसेस अशा फाट्यावरच्या असतात.

स्टेंट म्हणजे जाळीची सरळ नळी. ती मुख्य वाहिनीत फुगवली की तिच्या तारा बाजूच्या फाट्याच्या तोंडावर आडव्या येतात, शिवाय मधलं टोक सरकून ते तोंड अरुंद होतं ते वेगळंच. साहजिक वाटतं, फांद्या दोन तर स्टेंटही दोन घाला! त्यासाठी टी, क्युलॉट, क्रश अशी तंत्रं आहेत. क्रशमध्ये फाट्यातल्या स्टेंटचं बाहेर डोकावणारं टोक मुख्य स्टेंटखाली चक्क चेपतात. त्या जागी धातूचे तीन थर होतात.

वर्कशॉपमध्ये धातू जास्त म्हणजे मजबुती जास्त. रक्ताला मात्र धातू परका. नीट न चिकटलेल्या तारांवर गुठळी व्हायची भीती. २००६ च्या नॉर्डिक अभ्यासात ४१३ पेशंट होते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता, पण दोन स्टेंटला वेळ आणि डाय जास्त लागला. २०१० च्या ब्रिटिश अभ्यासात (५०० पेशंट) तर नऊ महिन्यांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा बंद पडणं हे साध्या पद्धतीत ८ टक्के, दोन स्टेंटच्या पद्धतीत १५.२ टक्के!

म्हणून आज पहिली पसंती ‘प्रोव्हिजनल’ पद्धतीला : मुख्य वाहिनीत एक स्टेंट, आणि फाट्यात गरज पडली तरच दुसरा. यात आपल्या कामाचं एक गणित आहे. मरेच्या नियमानुसार मूळ वाहिनीच्या व्यासाचा घन म्हणजे दोन फांद्यांच्या व्यासांच्या घनांची बेरीज. ३ आणि २.५ मिलिमीटर घाला, उत्तर जवळपास ३.५ येतं. म्हणजे पुढच्या भागाच्या मापाने घेतलेला ३ चा स्टेंट मागच्या बाजूला सैल पडणार. तेवढा भाग मोठ्या फुग्याने पुन्हा फुगवतात. त्याला ‘पॉट’ म्हणतात. (आपला व्हायव्हाचा पॉट वेगळा.)

स्टेंटनंतर फाट्याचं तोंड फोटोत भयंकर दिसतं, पण त्यावर जाऊ नये. २००५ च्या एका कोरियन अभ्यासात ७५ टक्क्यांहून जास्त अरुंद दिसणारे ७३ फाटे प्रेशर वायरने तपासले. प्रवाह खरोखर अडलेले फक्त २० निघाले.

अपवाद आहेच. फाटा मोठा असेल आणि ब्लॉक त्यात लांबवर गेला असेल तर आधीच दोन स्टेंट ठरवतात. डाव्या मुख्य वाहिनीच्या फाट्यावर २०१७ च्या चिनी अभ्यासात ‘डीके क्रश’चं अपयश वर्षभरात ५ टक्के, प्रोव्हिजनलचं १०.७. २०२१ च्या युरोपियन अभ्यासात मात्र प्रोव्हिजनल मागे पडलं नाही. तिथल्या पेशंटांचे फाट्यातले ब्लॉक आखूड होते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

उद्या घरून फोन आला, “डॉक्टर दोन स्टेंट म्हणतायत, काय करू?” तर आधी विचारायचं : फाटा केवढा आहे, आणि ब्लॉक त्यात किती आत गेलाय?