संगणक, हौशी मंडळ आणि आपली ऊस नोंद



उसाची नोंद, तोडीची पाळी, काट्यावरचे वजन, बिल, सगळे आता संगणकावर असते. हे यंत्र सामान्य माणसाच्या हाती आले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी संगणक म्हणजे सरकार, विद्यापीठे आणि मोठ्या कंपन्या यांचीच मिरास. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा संच निघाला. सुटे भाग घरीच जोडायचे; पडदा नाही, टंकायची सोय नाही, नुसती बटणे आणि दिवे! संच घेतला, पण चालवायचा कसा? म्हणून ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली. हाच ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. त्यांची रीत एकच : आपल्याला उमगले ते दुसऱ्याला दाखवायचे. आपल्यासारखेच त्यांचेही वार्तापत्र निघे. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या यंत्राचे आराखडे सभेत फुकट वाटले. तेच यंत्र १९७६ मध्ये ‘ॲपल-१’ म्हणून विक्रीला आले. क्लब १९८६ मध्ये बंद झाला, पण तोवर संगणक घरोघरी पोचू लागला होता.

उघडपणाचा हाच धडा आपल्या सहकारातही गिरवला गेला. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांसाठी संगणक योजना सुरू झाली. ऊस नोंद, तोडणी परवाना, वजन ही माहिती गावातल्या केंद्रातच मिळू लागली. कारखान्याचे हेलपाटे वाचले. २००६ मध्ये तिथल्या सात गावांत हीच माहिती मोबाईलच्या संदेशावर देण्याचा प्रयोग झाला.

आता माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला उमरखेडकडच्या एका सभासदाचा खोडवा मी रजिस्टरात ‘सुरू’ म्हणून लिहिला. तोड महिनाभर लांबली, ऊस वाळला, वजन घटले. रजिस्टर माझ्या कपाटात. त्यांना ते दिसणार कसे? नोंद त्यांच्या डोळ्यांपुढे असती, तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

संगणक स्वतः चूक शोधत नाही. भरले तेच तो दाखवतो. म्हणून नोंद झाली की एवढे तपासा :

१) गट नंबर व क्षेत्र
२) उसाची जात
३) लागणीची अथवा खोडवा राखल्याची तारीख
४) बँक खाते नंबर

फरक दिसला तर त्याच आठवड्यात गट ऑफिसात लेखी कळवा आणि पोच घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा. विचारायला लाजू नका. त्या गॅरेजात जमलेलेही एकमेकांना विचारूनच शिकले.