झुबिन मेहता : हातात वाद्य नसलेला वादक



पाचवीच्या वर्गात वाद्यवृंदाचा व्हिडिओ दाखवला, तर एक प्रश्न हमखास येतो : "बाई, तो काहीच वाजवत नाही, मग टाळ्या त्यालाच का?" उत्तर परिपाठातच सापडतं. शंभर मुलं प्रार्थना म्हणतात तेव्हा मागची रांग नेहमी अर्धी ओळ मागे राहते. मग पुढे उभं राहून कुणीतरी हाताने ताल दाखवावा लागतो. वाद्यवृंदात हेच काम संचालकाचं. उजव्या हातातल्या छडीने, म्हणजे बॅटनने, लय दाखवायची. डाव्या हाताने कुणी हळू वाजवायचं, कुणी जोरात, ते सांगायचं.

या कामात जगभर नाव झालेले झुबिन मेहता आपल्या मुंबईचे. २९ एप्रिल १९३६ रोजी पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला. घरी रेकॉर्ड, तालमी, वादकांची ये-जा. आणि १९४५ साली, पस्तिशी उलटलेली असताना, बायको आणि दोन मुलं मुंबईत ठेवून वडील न्यूयॉर्कला गेले. कशासाठी? व्हायोलिन आणखी शिकायला! मला विचाराल तर संगीताचा 'वारसा' म्हणतात तो हाच. बाप अजून शिकतोय हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं.

तरी घरच्यांना मुलगा डॉक्टरच व्हायला हवा होता. (ओळखीचं वाटतंय ना?) सेंट झेवियर्स कॉलेजात तो अभ्यास सुरूही झाला, पण मन रमेना. शेवटी १९५४ साली, अठराव्या वर्षी, झुबिन व्हिएन्नाला गेले. हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. डबल बास हे वाद्यही ते तिथेच शिकले. मोठ्या संचालकांच्या तालमी पाहायला विद्यार्थ्यांना परवानगी नव्हती. मग झुबिन आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अबाडो यांनी काय केलं? दोघे सरळ गायकवृंदात भरती झाले! गात गात, समोर उभा असलेला संचालक हात कसा हलवतो ते टिपत राहिले. हा प्रसंग मुलांना जरूर सांगा, फार आवडतो.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. मग माँट्रिअल आणि १९६२ पासून लॉस एंजेलिस, तेव्हा वय अवघं २६. १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क. इस्रायलच्या वाद्यवृंदाशी तर पन्नास वर्षांचं नातं जुळलं, तिथून ते २०१९ मध्ये निवृत्त झाले. २००१ साली पद्मविभूषण मिळालं.

वडीलही पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाले आणि तरुण वादकांचा वाद्यवृंद काढून तीसहून अधिक वर्षं शिकवत राहिले. मुंबईत त्यांच्या नावाची संस्था आजही मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते.

वर्गात दाखवायला व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीचा व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा आवाज बंद ठेवा. फक्त मेहतांचा डावा हात पाहायला सांगा आणि संगीत कुठे हळू झालं असेल ते मुलांना ओळखू द्या. मग आवाज सुरू करा.