हार्ड डिस्क ‘टक-टक’ वाजतेय, फोटो मिळतील का?

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. परवा अचानक लाइट गेली, तेव्हापासून हार्ड डिस्क टक-टक वाजते, उघडत नाही. यंदाच्या सगळ्या लग्नांचे फोटो त्यातच आहेत. काय करू?
– एक वाचक, केशोरी (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : आधी डिस्कची वायर काढा आणि ‘एकदा लावून बघू’ हा मोह टाळा. टक-टक म्हणजे बहुधा आतले हेड निकामी झाले आहे. हे हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ते घासले, तर तेवढा डेटा कायमचा गेला. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका, कुणाला डिस्क उघडूही देऊ नका. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचेच. खर्च बराच येतो, खात्रीही नसते. त्यामुळे तपासणीचे शुल्क आणि ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ ही अट आधीच लेखी घ्या.

तोवर कॅमेऱ्याची मेमरी कार्डे शोधा! फॉरमॅट केलेल्या कार्डावर नवे फोटो काढले नसतील, तर ‘फोटोरेक’ या मोफत सॉफ्टवेअरने जुने बरेचदा निघतात. मिळालेले फोटो दुसऱ्या डिस्कवरच साठवा.

पुढे पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. ऑनलाइन प्रत ठेवायला इंटरनेट मंद असेल, तर तिसरी डिस्क नातेवाइकाकडे ठेवा. संगणकाला यूपीएस लावा. आणि दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करू नका.