डेकच्या जाडीत दडलेली पट्टी

जुनी शिडाची नौका घेताना माणूस मान वर करून डोलकाठी न्याहाळतो, तारांवरून हात फिरवतो, शिडं उलगडून बघतो. माझा आग्रह आहे की आधी चेनप्लेट काढून बघा. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा शेवटी ज्या धातूच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात, त्या या चेनप्लेट. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या अनेक फायबरग्लासच्या नौकांत ही पट्टी डेकमधून आरपार खाली उतरते आणि आतल्या बल्कहेडला, म्हणजे नौकेतल्या आडव्या भिंतीला, बोल्टनं आवळलेली असते. डेकवरचा भाग चकचकीत दिसतो, खालचे बोल्टही ठाकठीक असतात. घात होतो तो मधल्या इंच-दीड इंचात, आणि तेवढंच नेमकं कुठूनही दिसत नाही.

स्टेनलेस आहे, गंजेल कसं, असं हमखास विचारलं जातं. हे पोलाद टिकतं ते अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. तो खरवडला गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनवर पुन्हा धरतो. डेकमधल्या फटीत मात्र सीलंट सुटलं की खारं पाणी झिरपून मुरत राहतं, तिथला ऑक्सिजन संपतो, क्षार साचतात, आणि फुटलेला थर परत धरत नाही. मग बारीक खड्डे पडतात. नौका हेलकावे खाते तसा पट्टीवरचा ताण चढतो-उतरतो आणि खड्ड्याच्या तळाशी भेग सुरू होते. ३१६ दर्जाच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते ३०४ पेक्षा जास्त दिवस तग धरतं, एवढंच.

तीस वर्षं टिकली ती आणखीही टिकेल, हा युक्तिवाद मला सगळ्यांत घातक वाटतो. भेग एका दिवसात पडत नाही. प्रत्येक हेलकाव्याचा हिशेब त्या पट्टीत जमा होत असतो. तारा बदलायच्या आणि त्यांच्या टोकाला तीच जुनी पट्टी ठेवायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. नौका तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालावर विसंबणंही पुरेसं नाही. तो सहसा काही उघडत नाही. जे दिसतं त्याबद्दलच लिहितो.

शक्यतो डोलकाठी उतरवलेली असेल तेव्हाच पट्टी काढायचं काम उरकावं. ती उभी असेल, तर शीड चढवायचा दोर त्याच बाजूला भक्कम ठिकाणी ताणून बांधा आणि एका वेळी एकच पट्टी काढा. ती घासून स्वच्छ करा, भिंगाखाली धरा. बोल्टच्या भोकाची कड आणि डेकच्या पातळीवरचा पट्टा नीट बघा. तपकिरी डागाखाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असू शकतो. मग भेगा दाखवणारा लाल रंग लावून थांबा, पुसा, वर पांढरा डेव्हलपर फवारा. भेग असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. एका पट्टीवर अशी रेघ आली की मी त्याच वयाच्या सगळ्या पट्ट्या बाद धरीन; खर्च झाला तरी तो डोलकाठीपेक्षा कमीच.

पट्टी निघालीच आहे तर डेकचं भोकही तपासा. डेकच्या फायबरग्लास थरांमधलं बाल्साचं लाकूड किंवा प्लायवूड भुसभुशीत लागलं तर कोरडं लागेपर्यंत कोरा, घट्ट इपॉक्सीनं भरा आणि त्यातच नवी खाच पाडा, म्हणजे सीलंट पुन्हा सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही. काही नौकांत पट्टी फायबरग्लासमध्येच गाडलेली असते. ती कापून बाहेर काढण्यापेक्षा हलच्या, म्हणजे नौकेच्या कवचाच्या, बाहेरून नव्या पट्ट्या बसवलेल्या मला पटतात. आतून भक्कम आधार दिला, तर त्या उघड्यावर राहतात आणि दर हंगामात डोळ्यांसमोर असतात.