पंचवीसपैकी सातवं

पहिल्या स्टॉलवर मी माझ्या लिनोकटची किंमत लिहिली ५०० रुपये, तीही पेन्सिलीने. कुणी घासाघीस केलीच तर खोडता यावी म्हणून. चित्र गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्याचं, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्यांसकट. लिनोच्या तक्त्यावर ठसा कोरायला चाळीस तास गेले होते. प्रेस नव्हता, म्हणून कागदाच्या पाठीवर लाकडी चमचा घासघासून एकेक प्रत काढलेली. एका आजोबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "झेरॉक्स का गं? हाताचं काम पाचशेला कसं परवडेल?"

मी हसले. घरी हिशेब मांडला तेव्हा हसू मावळलं. एका प्रतीचा कागद आणि शाई १०५ रुपये, लिनोचा वाटा २४, पुठ्ठा-पिशवी ६०. पंचवीस चांगल्या प्रतींसाठी आठ वाया गेल्या होत्या, त्यांचे प्रतीमागे ३४. म्हणजे २२३ रुपये. सगळ्या प्रती खपल्या असत्या तरी हाती ६,९२५ उरले असते. त्यातून दोन दिवसांचं स्टॉलभाडं आणि येण्याजाण्या-खाण्याचे मिळून ५,००० वजा. कोरणं आणि छपाई धरून चौसष्ट तास राबले होते. तासाला तीस रुपये पडले असते, आणि खपल्या होत्या फक्त चौदा प्रती.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: वाया गेलेला कागद आणि स्वतःचे तास किमतीत धरा. लाजून कमी लावलेली किंमत नंतर वाढवताना दुप्पट लाजावं लागतं. पाचशेला चित्र नेलेला माणूस मित्राला घेऊन आला, तर त्या मित्राला दीड हजार सांगताना जीभ अडखळते. माझी अडखळली.

दुसरी चूक जास्त महाग पडली. एका गॅलरीने माझी चित्रं ठेवून घेतली, कमिशन ४० टक्के. ते धरून तिथे किंमत लागली १,४०० आणि इन्स्टाग्रामवर मी तेच चित्र आठशेला देत होते. वाटायचं, गिऱ्हाइकाचा फायदाच होतोय. एका गिऱ्हाइकाने गॅलरीतच मोबाइल काढून मालकांना तो भाव दाखवला. आठवड्याभरात माझी चित्रं परत आली, चिठ्ठीसुद्धा नव्हती. चूक त्यांची नव्हती. किंमत सगळीकडे एकच हवी. कमिशन तिच्यातच बसवायचं आणि घरून विकताना ते पैसे आपल्या मेहनतीचे समजायचे, कारण फोटो काढणं, फोन घेणं, कुरियरच्या रांगेत उभं राहणं हेही कामच आहे. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी मी आता शंभर-दीडशेची छापील कार्डं ठेवते. सवलत मागणाऱ्या मावशी कार्ड घेऊन खुशीत जातात.

जाहिरातीचं मला फारसं कळत नाही. एवढंच पाहिलंय की तयार चित्रापेक्षा ठशावरून कागद सोलून काढतानाचा व्हिडिओ लोक थांबून बघतात, आणि चित्राशेजारी हात ठेवून फोटो काढला की "साइज काय?" हा प्रश्न निम्मा होतो. हो, आणि एक वही. पंचवीसपैकी कुठल्या क्रमांकाची प्रत कुणाकडे, फोन नंबरासकट.

वहीतल्या त्या क्रमांकांनीच मला तोंडघशी पाडलं. जिन्याच्या पंचवीसही प्रती संपल्या, मागणी थांबेना. मग मी स्कॅन करून त्याच मापाच्या डिजिटल प्रती काढल्या, तशाच कागदावर, खाली पेन्सिलीने सही करून. आम्ही गिरगावकर. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये आमच्याच गिरगावात निघाला, छापलेले देव घरोघरी पोचले, मग माझा जिना का नको, असं मनाशी म्हणत होते. (तो छापखाना पुढे मळवलीला गेला आणि शेवटी कर्जापायी विकावा लागला, हे मात्र सोयीस्करपणे विसरले.) पण रविवर्म्यांनी कुणाला '७/२५', म्हणजे पंचवीसच प्रतींपैकी सातवी, असं लिहून दिलं नव्हतं. मी दिलं होतं.

सातवी प्रत घेतलेल्या बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही पंचवीस म्हणाला होतात ना?"

मी पैसे परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. उरलेल्या डिजिटल प्रती मी फाडल्या आणि ज्यांना विकल्या होत्या त्यांना फोन करून खरं सांगितलं. तिघांनी प्रती परत केल्या. तेव्हापासून पहिली प्रत काढण्याआधीच आकडा वहीत लिहिते, माझ्याकडे राहणाऱ्या दोन प्रतींसह. आकडा पुरा झाला की ठशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोरणी ओढते, पुन्हा तशी प्रत निघू नये म्हणून. जिन्याच्या ठशावर ओढताना हात कापत होता. त्या चरासकट एक शेवटची प्रत काढली आणि सातव्या क्रमांकाच्या पत्त्यावर पाठवली. पोचल्याचा निरोप आला. भिंतीवर लावली का, हे विचारायचं अजून राहिलंय.